गळाच्या माशाचं डोकं

रविवारी सकाळी साडेअकरानंतर माझ्या ओट्यासमोर जी गर्दी होते, ती मासे विकत घेणाऱ्यांची नसते. ते लोक मासे घेऊन येतात. पहाटे उठून उरणला गेलेले, करंजाच्या बाजूला खडकावर बसून गळ टाकलेले, उन्हानं नाकं लाल झालेले आमचे साहेबलोक. कोणी नवीन पनवेलचा, कोणी सुकापूरचा. खांद्याला काठीची लांब पिशवी, पोटरीपर्यंत चिखल, आणि हातात असा एखादा मासा, जो त्यांनी जन्मात पाहिलेला नसतो. बायको तो घरात घेऊ देत नाही. मग ते पनवेलच्या मासळी बाजारात लीलामावशीचा ओटा शोधत येतात आणि दोनच प्रश्न विचारतात. हा कुठला? आणि खायचा का?

ती लीलामावशी म्हणजे मी. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून अंकवाले मागे लागले, तेव्हा मी म्हटलं, सातवीत शाळा सुटली, मला काय येतं लिहायला? पण बोलायला येतं, ते अख्खा बाजार सांगेल. म्हणून मी बोलतेय आणि नात लिहून घेतेय. ती माझ्या प्रत्येक ‘नाय’चं ‘नाही’ करतेय. करू दे बापडी. पण मी कुणाशी काय बोलले, ते जसंच्या तसं लिहायचं, असा दम दिलाय.

चाळीस वर्षं झाली मला या ओट्यावर. आधी सासू बसायची, ठमाबाई. तिच्या शेजारी नवी सून म्हणून मी बसले ते आजतागायत. खाडीत आणि दर्यात जे जे पोहतं, त्यातलं बहुतेक माझ्या कोयत्याखालून गेलंय. जिताडा तर डोळे मिटून हाताला कळतो. बाजारातल्या बाकीच्या बायकासुद्धा अडल्या की हाक मारतात, “लीले, जरा बघ गं हे काय हाय.” गर्व आहे का? आहे. एवढी वर्षं माशांची तोंडं बघितली, थोडा गर्व नको का?

सासूनं मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, मासा हातात आला की आधी तोंड बघायचं, मग दात, मग कल्ले, मग कातडी. डोकं बघितल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. माणसं उलटं करतात, आधी मांस बघतात. मांस काय, सोलून तुकडे केले की पुष्कळ मासे एकसारखेच पांढरे दिसतात.

दुसरी गोष्ट तिची स्वतःची, पनवेलात दुसरं कोणी करत नाही. माझ्या पाटीतला मासा कुठून आला, कधी आला, ते मला ठाऊक असतं. तुमच्या गळाला लागलेला मासा माझा नाही. तो कापून देईन, खायचा का ते सांगेन, पण त्याचं डोकं दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्या बर्फाच्या पेटीत राहील. घरी काही बिनसलं, कोणी भांडायला आलं, तर मी काय कापलं ते दाखवायला डोकं हवं. लोक कुरकुरतात, कारण कालवणाची खरी चव डोक्यात असते. मी सांगते, उद्या सकाळी येऊन घेऊन जा. कोणी येत नाही. सोमवारी बाजारातल्या मांजरांची चंगळ होते.

सून म्हणते, आई, मोबाइलवर फोटो काढून ठेवा ना, कशाला डोकी साठवता? तिला म्हटलं, फोटोचे दात मोजता येतात का? फोटोचा वास घेता येतो का?

या डोक्यांनी मला किती वेळा वाचवलंय! एकदा सोमवारी सकाळी एक जण तावातावानं आला. आदल्या दिवशी त्याला मी टोळ कापून दिला होता. टोळ म्हणजे लांबलचक, चोच असलेला मासा, खरपूस तळला तर फार गोड. हा म्हणाला, “मावशी, काटे हिरवेगार निघाले! केमिकलचा मासा दिलात आम्हाला. सगळा फेकून दिला.” मी पेटीतून डोकं काढलं, त्याच्या समोर मानेपाशी कोयता घातला आणि आतला काटा दाखवला. हिरवा. “आवो, टोळाचे काटे देवानंच हिरवे केलेत. माझ्या आज्याच्या वक्ताला पण हिरवेच होते, तवा कुठली केमिकलं?” त्याचा चेहरा असा पडला! फेकून दिला ना सगळा. जातानाच पुढच्या रविवारी टोळ कुठे लागेल, ते विचारून गेला.

दुसरा एक जण लेप घेऊन आला होता. लेपाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात. त्याला वाटलं मासा अपघातात सापडलाय, आणि तो त्यानं पिशवीतून दोन बोटांत धरून काढला. असं माणूस समोर आलं की मला हसू आवरत नाही. माझं हसणंही साधं नाही, बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं. सासू सांगायची, “लीले, गिऱ्हाईकाला हसू नको.” हे शिकवणं मात्र मी कधी मनावर घेतलं नाही, आणि आता सांगणार आहे ती गोष्ट त्याचीच आहे.

प्रधानसाहेब सुकापूरला राहतात. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाले आणि गळाच्या नादाला लागले. शांत माणूस. माझ्यापेक्षा वयानं मोठे, तरी मला मावशी म्हणतात. सुरुवातीला काही लागायचं नाही, तेव्हा माझ्याकडूनच मासे विकत घेऊन घरी जायचे, आणि घरी काय सांगायचे ते मी विचारलं नाही. हळूहळू हात बसला. प्रत्येक मासा समोर ठेवून नाव विचारायचे आणि खिशातल्या छोट्या वहीत लिहून घ्यायचे. इतकं मन लावून माझ्याकडून शिकणारं दुसरं कोणी मला भेटलेलं नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी ते धावतपळतच आले. डोळे चमकत होते. “मावशी, आज काहीतरी वेगळंच लागलंय. असा मासा पनवेलात कोणी पाहिला नसेल. गोट्या खाणारा मासा! तोंडात दहा-बारा गोट्या आहेत बघा, पिवळ्या.” आजूबाजूच्या चार बायका माना वळवून बघायला लागल्या. साहेबांनी पिशवी उघडली. शिंगाळा! आमच्याकडे रोज येणारा, मिशावाला शिंगाळा.

मला आधी हसू फुटलं आणि मग शब्द. “आवो साहेब, गोट्या कसल्या? अंडी हायेत ती! शिंगाळ्याची मादी अंडी घालते आणि नर तोंडात धरून फिरतो, पिल्लं निघेस्तोवर. इतके दिवस बिचारा काय खात पण नाय, तुमचा गळ नुसता अंगात अडकला आसंल. तुमी बापाला मारून आणलाय बापाला!” पलीकडची कमळी हसायला लागली, मग सगळी रांग. कोणीतरी ओरडलं, “गोटीवाले साहेब!” झालं. नाव चिकटलं. साहेबही हसले, पण कानापर्यंत लाल झाले. वही खिशातून अर्धी बाहेर आली होती, ती त्यांनी परत आत ढकलली. ते मी बघितलं आणि लगेच विसरले.

पुढचे दोन-तीन रविवार ते आले की बाजारात कुजबुज व्हायची, गोटीवाले आले, गोटीवाले आले. मीही म्हणायची, “काय साहेब, आज गोट्या की भोवरे?” ते नुसते मान हलवायचे. मासे कापून घ्यायचे, नाव विचारायचे नाहीत. मला वाटलं, आता ओळखायला लागलेत, विचारतील कशाला? उलट माझीच मला शाबासकी, की बघा, कसा तयार केला माणूस.

त्यानंतरच्या एका रविवारी त्यांनी चार मासे आणले. दोन बोय, एक गोब्रा आणि एक टोळ. मी चारही कापले, डोकी पेटीत टाकली. त्यांच्या दुसऱ्या हातात काळी प्लास्टिकची पिशवी होती, तोंड घट्ट बांधलेलं. मी विचारलं, “त्यात काय हाय?” म्हणाले, “काही नाही मावशी, गळाची कोळंबी उरलीय.” उरलेल्या कोळंबीची पिशवी अशी जपून कोण धरतं? मनात आलं माझ्या. पण मागे रांग होती, ऊन होतं, मी म्हटलं जाऊ दे.

चार वाजायच्या सुमारास मी ओटा धुवत होते. सुकापूरचा एक माणूस स्कूटरवरून बाजारात शिरला आणि तिथूनच ओरडायला लागला, “लीलामावशी कोण? लीलामावशी कोण आहे इथे?” प्रधानसाहेबांचा शेजारी. म्हणाला, “तुम्ही दिलेला मासा खाऊन प्रधानकाका हॉस्पिटलात आहेत. उलट्या होताहेत, उभं राहता येत नाही. डॉक्टर विचारताहेत कुठला मासा, आणि काकू म्हणतात, मावशीनं पास केलेलेच खातो आम्ही. काय दिलंत तुम्ही त्यांना?”

भांडायला पुष्कळ आले, पण माझ्या माशानं माणूस पडला असं चाळीस वर्षांत कोणी बोललं नव्हतं. माझे हात आपोआप पेटीकडे गेले. तीच पेटी, बर्फ आणि आत साहेबांच्या माशांची चार डोकी. ती मांडीवर घेऊन मी त्याच्या स्कूटरवर मागे बसले.

हॉस्पिटलच्या दारात वॉचमननं अडवलं. “मासे आत नाय नेता येनार.” मी म्हटलं, “मासे नाय रे भावा, साक्षीदार हायेत माझे. बाजूला हो.” आणि गेले आत.

साहेबांच्या बायको, माधवीवहिनी, बाकावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. मी खाली पेटी उघडून डोकी मांडली. “बाई, हे चार मी कापले. ही दोन बोय, हा गोब्रा, हा टोळ. रोज हजार माणसं खातात. यातल्या एकानं पण माणूस असा पडत नाय.” मग वहिनींना विचारलं, “वहिनी, पैलं काय झालं त्यांना? पोटात दुखलं?”

“नाही. ओठ बधिर झाले म्हणाले. मग जीभ. मग बोटांना मुंग्या.”

सासूनं सांगितलेलं आठवलं. केंड पोटात गेला की पहिल्यांदा ओठ झोपतात. केंड म्हणजे तो मासा, जो गळातून काढला की फुग्यासारखा फुगतो. सशासारखे दात, अंगावर खवले नाहीत, पोटावर बारीक काटे. आमच्याकडे जाळ्यात आला तर लाथ मारून परत दर्यात टाकतात. कुत्र्यालासुद्धा घालत नाहीत. आणि मला ती काळी पिशवी आठवली.

“वहिनी, साहेबांनी पाचवा कुठला मासा खाल्ला?”

वहिनी म्हणाल्या, “तळलेले तुकडे होते थोडे. ते यांनीच केले. मी कालवणात गुंतले होते. यांनी गॅसपाशी उभ्या उभ्या तीन-चार खाल्ले. बाकीचे झाकून ठेवलेत, संध्याकाळी लेक आणि जावई येणार आहेत ना.”

“फोन करा! कोणी हात लावू नका म्हणावं त्या तुकड्यांना!” मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की एक नर्स धावत आली. शेजारी पुन्हा स्कूटरवरून गेला आणि स्टीलचा डबा घेऊन आला. आत तिखटमीठ लावून रव्यात तळलेले पाच तुकडे. डोकं नाही, कातडी नाही, काही नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मावशी, नक्की सांगा, हा कुठला मासा आहे? अंदाज नको. मला माहीत असेल तर मी त्याप्रमाणे तयारी करते.”

आता काय सांगायचं? डोकं बघितल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, हे मी चाळीस वर्षं पाळलेलं. चुकीचं नाव सांगितलं आणि डॉक्टर भलत्याच वाटेला गेल्या तर? आत साहेब पडलेत, बाहेर वहिनी माझ्याकडे बघताहेत. मी डब्यातला पोटाकडचा तुकडा उचलला, कांद्याच्या पाकळीसारखा अलगद उकलला. बोटानं आतून चाचपला. मासा म्हटला की पोटाच्या बाजूला बरगडीचे काटे येतातच. बोयला येतात, गोब्र्याला येतात, कुणालाही येतात. इथं काहीच नव्हतं. दुसरा तुकडा उकलला. मधला जाड काटा आणि बाजूला नुसतं मांस, बरगडीच नाही. असा मासा माझ्या माहितीत एकच.

“केंड हाय बाई,” मी म्हटलं. “माझ्या नावानं लिहा. केंडच हाय.”

बाई आत पळाल्या. नंतर त्यांनी मला समजावून सांगितलं, की या विषावर उतारा असा नाही. श्वास बंद पडू शकतो, तेवढा चालू ठेवायचा, मग विष आपोआप उतरतं. नाव आधी कळलं म्हणून त्यांनी साहेबांना लगेच श्वासाच्या मशिनजवळ नेऊन ठेवलं, आणि तासाभरात खरंच मशिन लावावं लागलं. मी पेटी घेऊन वहिनींच्या शेजारी बसून राहिले. बर्फ वितळून फरशीवर पाणी आलं, ते मीच पदरानं पुसलं. वहिनींनी एकदा माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी साहेब उशीला टेकून बसले. डॉक्टरीणबाईंनी मला सगळ्यांसमोर सांगितलं, “मावशी, तळलेल्या तुकड्यावरून मासा ओळखणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.” काय सांगू, छाती अशी फुगली! बाजारात मी हे निदान पन्नास जणांना सांगितलं असेल. आजही सांगते. बरगडीवरून केंड ओळखला, तोही तळलेला, मसाल्यातला! सासू असती तर तिनंही मान डोलावली असती.

पण त्या दिवशी साहेबांनी जे सांगितलं, ते मी बाजारात कुणाला सांगितलं नाही. इथंच पहिल्यांदा सांगते. मी त्यांच्यावर भडकले होते. “साहेब, एवढे शिकलेले तुमी! गळाला फुगणारा मासा लागला, मला दाखवायचा ना! मी काय मेले होते?”

ते म्हणाले, “मोबाइलवर पाहिलं होतं मावशी, परदेशात तो मोठ्या हौशीनं खातात. मला वाटलं कातडी काढली, पोट साफ केलं की झालं. खडकावरच सोलला. तरी तुम्हाला दाखवावा असं मनात होतं. पिशवी घेऊन ओट्यापर्यंत आलोच होतो की.” मग म्हणाले, “पण म्हटलं, पुन्हा साधाच कुठलातरी निघाला तर? सगळे हसतील.”

ज्या ज्ञानाची मी एवढी ऐट मिरवते, ते त्या माणसाच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं, आणि माझ्याच हसण्यानं ते त्याच्यापर्यंत पोचू दिलं नाही. केंडाचं विष दर्यातलं, पण ती पिशवी बांधली माझ्या जिभेनं. हे मी कबूल करते. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात सगळ्या बायकांना गोळा केलं. म्हटलं, आजपासून या बाजारात कोणी काही विचारायला आलं, बोंबील दाखवून हा वाघ हाय का म्हणाला, तरी हसायचं नाय. गोटीवाले हे नाव तर कुणाच्या तोंडून मला ऐकू आलं नाय पायजे. कमळी म्हणाली, “सगळ्यात जास्त तूच हसतेस.” खरं होतं ते. मी म्हटलं, म्हणून तर सांगते.

चार महिने साहेब आले नाहीत. मला वाटलं, गळ सुटला, मासे सुटले, माणूस गेला हातातून. मग एका रविवारी, गेल्या दिवाळीच्या आधी, बाराच्या सुमारास गर्दीत ती काठीची पिशवी दिसली. साहेब वाळले होते. बाजारात सगळ्यांनी बघितलं, कोणी ब्र काढला नाही. ते ओट्यापाशी आले, पिशवी उघडली आणि एकच मासा माझ्यासमोर ठेवला.

बोय. साधी बोय! खाडीतली सगळ्यात ओळखीची, त्यांनी स्वतः पन्नास वेळा माझ्याकडून कापून नेलेली, त्यांच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेली. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, “मावशी, हा कुठला?”

मी कोयता खाली ठेवला. हात पदराला पुसले. मासा दोन्ही हातांत घेतला. आधी तोंड बघितलं, मग दात, मग कल्ले उघडून लाली बघितली, मग खवल्यांवरून अंगठा फिरवला. घाई केली नाही, मागच्या रांगेला थांबायला लावलं. मग म्हटलं, “बोय हाय साहेब. ताजी हाय. बिनघोर खा. थोडी चिंच जास्त टाकून कालवण करा.”

त्यांनी खिशातून वही काढली आणि लिहिलं. मी मासा कापून दिला आणि डोकं पेटीत बर्फावर ठेवलं, नेहमीसारखं.

सोमवारी सकाळी आठ वाजता ते डोकं न्यायला आले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणी आलं. मी ते कागदात नीट गुंडाळून दिलं, आणि मांजरांना त्या दिवशी माझ्या पाटीतले बोंबील घातले.